मोटर मधे की चाकात

"आई, बाबा, एकदाच काय ते सांगा. मोटर पॅडलपाशी असावी की मागच्या चाकात?"

हा प्रश्न विचारायची पैज टकळीने लावली होती आणि लंबीने तिला फूस दिली होती. दोघी माझ्या वर्गातल्या जिवलग मैत्रिणी. शाळा सुटली की आमच्या दुकानात येऊन बसणं हा त्यांचा जन्मसिद्ध हक्क. दुकान विजेच्या सायकलींचं, त्यातही डोंगरावर चालवायच्या. चाकं, ब्रेक, फ्रेम हे बाबांचं राज्य. मोटर, बॅटरी, वायरी हे आईचं. आणि हा प्रश्न म्हणजे वाघाची शेपटी. ओढली की तासभर फुकट करमणूक.

मागच्या वर्षी मी शेपटीच्या आसपासही फिरकले नसते. हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा माझा घसा बसायचा. यंदा वादविवाद स्पर्धेत नाव दिलं, लटपटत उभी राहिले आणि जी बोलत सुटले ती अजून थांबलेली नाही. तेव्हापासून बाबा मला भोंगा म्हणतात. मला आवडतं.

तर, शेपटी ओढून मी टायरांच्या चळतीवर पाय हलवत बसले. पुढचं मला तोंडपाठ होतं. बाबा म्हणणार, "चाकातली! मोटर चाक फिरवते, चेन बिचारी सुखात राहते." आई म्हणणार, "आणि खड्या चढावर तापून बंद पडली की महाराज स्वतः जाऊन ढकलणार का? पॅडलपाशी मोटर असली की तिला गिअर मिळतात. हलका गिअर टाका नि भिंत चढा!" मग बाबा, "बाईसाहेब, त्या ओढीने दाते झिजतात नि भर रानात चेन तुटते, तेव्हा?" मग आई चेन सोडून रबरी पट्ट्यावर येणार. ना तेल, ना खडखडाट. त्यावर बाबा उसळणार, कारण अखंड पट्टा घालायचा तर फ्रेमला मागे एक फट ठेवावी लागते, आणि बाबांच्या मते फट असलेली फ्रेम म्हणजे पडका दात असलेला नवरदेव. जो हरेल त्याने मोटरच्या चाकाचं पंक्चर काढायचं ही दुकानाची रीत. ते चाक काढून परत बसवणं म्हणजे हत्तीला मोजे घालणं.

बाबांनी पाना खाली ठेवला. "आईला विचार. डोंगरासाठी ती म्हणते तेच बरोबर."

आईने मान वर केली नाही. "तसं काही नाही. बाबा म्हणतात त्या मोटरचेही फायदे आहेत."

झालं. संपलं.

"हे काय गं?" टकळी कुजबुजली. "आज सामना रद्द?"

"किती गोड झालेत तुझे आईबाबा," लंबी म्हणाली.

मी नुसतं हसले. हा आवाज मला माहीत होता. दोघं असे फक्त पाहुण्यांशी बोलतात.

मग एकेक गोष्ट दिसायला लागली. भिंतीवरच्या फळीला सगळी हत्यारं एकत्र टांगलेली असायची. आता आईचे पेचकस नि डाग द्यायची पेन तिच्या टेबलाखाली खोक्यात होती. ते डाग द्यायचं, म्हणजे वायरी सोल्डर करायचं काम आईने मलाही शिकवलंय. वितळलेला थेंब वायरीवर बरोब्बर बसला की मला जग जिंकल्यासारखं वाटतं. बाबा जेवून लवकर उठायला लागले होते, आणि उठताना "येतो हं" म्हणायला लागले होते. स्वतःच्या घरात!

मी ठरवलं, यांचं भांडण लावून द्यायचं. पुढच्या हंगामात दुकानात कुठल्या सायकली ठेवायच्या हे ठरवायचंच होतं. म्हटलं, सुट्टीच्या दिवशी तिघं टेकडीवर जाऊन पारखू. "दोघंही या, नाहीतर मी एकटी जाते नि पाय मोडून घेते." आले.

बाबांकडे चाकात मोटर असलेली. माझ्याकडे पॅडलपाशी मोटर, चेन आणि भरपूर गिअर. आईकडे पट्ट्याची. त्या सायकलचे गिअर मागच्या चाकाच्या मधल्या डब्यात बंद, त्यामुळे आई कुठूनही भुतासारखी आवाज न करता यायची. सपाटीवर बाबा पुढे. मग ती दगडांची चढण आली. माझी सायकल हलक्या गिअरवर गुणगुणत वर चढली. बाबांची मोटर आधी कण्हली, मग गप्प झाली. बाबा उतरून ढकलायला लागले.

मी थांबून मागे वळून पाहिलं. आता! आता आई ओरडणार, "काय महाराज, पदयात्रा का?"

आई थांबली. "मदत करू का?"

"नको. थँक्यू."

थँक्यू! माझ्या बाबांनी माझ्या आईला!

वर पोचल्यावर मी शेवटचा डाव टाकला. सायकल गवतात आडवी केली आणि मुद्दाम बरळले, "ही पॅडलपाशची मधली मोटर अगदीच टाकाऊ. गिअर बदलला की चेन तुटते." हे साफ चूक आहे. पॅडलवर पूर्ण जोर ठेवून बदललात तरच धोका. पाय क्षणभर सैल सोडायचा नि मग बदलायचा. हे वाक्य आईने गिऱ्हाइकांना इतक्यांदा ऐकवलंय की टकळीलाही पाठ आहे.

आई म्हणाली, "हो. तुटू शकते."

मग मी सरळच विचारलं, "तुम्ही वेगळे होताय ना?"

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी टायरकडे.

"परीक्षा झाली की सांगणार होतो," बाबा म्हणाले. आईला दुसऱ्या शहरात काम मिळालं होतं, मोटरी दुकानांत जाण्याआधी तपासायचं. ती तिथे जाणार होती. बाबा इथेच राहणार होते.

"कोणी काय केलं?"

"कोणीच काही नाही गं," आई म्हणाली.

"मग भांडत का नाही? आधी तर एका मोटरवरून घर डोक्यावर घ्यायचात!"

बाबा हसले, आणि ते हसणं बघवत नव्हतं. "खड्या चढाला मधलीच मोटर लागते, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, भोंगा."

"आणि रोज सपाट रस्त्याने कामावर जाणाऱ्याला चाकातली पुरते, हे मला," आई म्हणाली.

"मग एवढी वर्षं?"

"मजा यायची."

"आणि आता?"

 मग आई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "आता नाही येत, बाळा. आम्ही दोघांनी खूप प्रयत्न केला."

मी रडले. मोठ्याने, नाक गळेपर्यंत, खालच्या वस्तीतली कुत्री भुंकायला लागेपर्यंत. कोणी कुणाला फसवलं असतं तर मी त्याच्यावर चिडले असते. इथे चिडायलासुद्धा कोणी ठेवलं नव्हतं.

खरं संकट पुढेच होतं. मी कुठे राहायचं? बाबा म्हणाले, "आईबरोबर जा, तिथली शाळा चांगली आहे." आई म्हणाली, "इथेच राहा, तुझ्या मैत्रिणी इथे आहेत." ताटातला शेवटचा घास दोघांनी एकमेकांकडे सरकवावा, तसं माझं चाललं होतं. शेवटी मी आईच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. तिने एक मोटर उघडून ठेवली होती.

"मी तुला नकोय का?"

तिचे हात थांबले. "ये म्हटलं तर तो एकटा पडेल गं," ती म्हणाली. "आणि राहा म्हणताना माझं काय होतं..." मग तिने मोटरचं झाकण उलटं बसवलं. पलीकडे बाबा चाकाचे स्पोक आवळत होते. त्यांना ऐकू गेलं असणार, कारण ताडकन एक स्पोक तुटला. बाबांच्या हातून स्पोक तुटलेला मी कधी पाहिला नव्हता.

म्हणजे दोघांनाही मी हवी होते, आणि दोघंही सभ्यपणाने मरणार होते.

त्या दिवशी जेवताना मी ताट बाजूला सारलं आणि उभी राहिले. स्पर्धेत राहिले होते तशीच, लटपटत.

"माझं ठरलंय. मी आईबरोबर जाणार. शाळेसाठी नाही, आईची दया येते म्हणूनही नाही. मला मोटरींचं काम शिकायचंय आणि मला आई लागते, म्हणून. बाबा, तुम्ही एकटे पडणार, मला माहीत आहे. त्या विचाराने मी आत्ताच अर्धी मेलेय. प्रत्येक सुट्टीत मी इथे येणार. आणि तुम्ही मला 'तुला योग्य वाटेल तसं कर' असं अजिबात म्हणायचं नाही. 'जाऊ नकोस' म्हणा. मी तरीही जाणार आहे, पण तुम्ही म्हणा."