कबरीचा सण

आमच्या वस्तीवर अपशकुनाची सोय होती. ती सोय म्हणजे मी, म्हाळसा.

निमगाव केतकीहून वरकुट्याकडे जाताना डांबरी सोडून आत वळलं की मोहनरावांच्या द्राक्षबागा लागतात. वळणावरच माझं दोन पत्र्यांचं घर. वस्तीतून बाहेर पडणाऱ्या माणसाला माझ्या दारावरून गेल्याशिवाय गत्यंतर नाही. मांजर आडवी गेली की लोक थांबतात, हे काही आमच्याकडेच नाही. तिची वाट दुसरं कुणीतरी आधी ओलांडून गेलं, की जे काही वाईट असेल ते त्याच्या अंगावर जातं आणि मागचे मोकळे होतात. बाकी ठिकाणी असं कुणी येईपर्यंत ताटकळत उभं राहावं लागतं. आमच्या वस्तीवर हाक मारली की झालं.

माझा नवरा बिरू मेंढरं घेऊन कोकणात उतरला आणि तिथेच तापाने गेला. मनी तेव्हा तीन वर्षांची. त्यानंतर महिनाभरात मोहनरावांची जीप माझ्या दारात थांबली. माझी मांजर, कबरी, त्यांना आडवी गेली होती. मोहनराव अगदी मायेने म्हणाले, "म्हाळसाबाई, जरा वलांडून जा बरं. तुझं आता काय वाईट व्हायचं राहिलंय?"

आणि मी गेले. हे मला अजून टोचतं. चांगल्या घरचा माणूस मायेने बोलला, म्हणून मी डोक्यावर पदर घेऊन जीपपुढून कबरीची वाट ओलांडून गेले. जीप निघून गेली. पुढची सहा वर्षं हेच चाललं. कुणी बारामतीला कज्ज्यासाठी निघालेलं असो, कुणी पोरीला स्थळ बघायला, कबरी आडवी गेली की "म्हाळसे!" म्हणून हाक येई. हातातलं पीठ तसंच ठेवून मी बाहेर यायची.

गंमत अशी, की ह्याच कबरीला मोहनरावांच्या शेडात मोठा मान. गव्हाची पोती तिथेच रचलेली, द्राक्षांच्या रिकाम्या पेट्या तिथेच. उंदरांनी उच्छाद मांडला की ते स्वतः सांगायचे, "म्हाळसे, कबरीला धाड गं." शेडात ती लक्ष्मी. शेडातून घरी यायला तिने रस्ता ओलांडला की अवदसा. मांजरीने उडत यायचं होतं की काय, देव जाणे.

चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात मोहनरावांचा विशाल द्राक्षवाल्यांबरोबर युरोपात जाऊन आला. आल्यावर वस्तीवरच्या सगळ्यांना आपल्या ओट्यापाशी बसवून त्याने फोटोंचा अल्बम दाखवला. शीतगृह, काचेची घरं, काचेच्या घरातले टोमॅटो. मधेच बेल्जियममधल्या एका गावाचे फोटो निघाले आणि पोरं एकमेकांच्या अंगावर पडून बघायला लागली. रस्ताभर मिरवणूक, माणसांनी मांजरांचे मुखवटे घातलेले, गाड्यावर घराएवढी मांजर. विशालने सांगितलं, की फार पूर्वी त्या गावात जिवंत मांजरं बुरुजावरून खाली फेकायचे. पुढे ते बंद झालं, आणि आता दर तीन वर्षांनी मांजरांची मिरवणूक काढतात. बुरुजावरून कापडाची मांजरं फेकतात आणि ती झेलायला लोक धक्काबुक्की करतात. त्यांच्या वाटाड्याने आणखीही सांगितलं होतं, इटलीत सतरा फेब्रुवारी हा मांजरांचा दिवस, जपानात बावीस.

"बघा," मोहनराव मान डोलवत म्हणाले, "केवढी सुधारलेली मान्सं!"

मी खाली मातीत बसून ऐकत होते. त्याच सकाळी त्यांच्यासाठी कबरीची वाट ओलांडून आले होते. विशालने जाताना त्यातला घराएवढ्या मांजरीचा एक फोटो मनीला दिला आणि मनीने तो भाताच्या शिताने भिंतीवर चिकटवला.

मग पंच्याण्णवचा जानेवारी. मी इंदापूरच्या बाजाराला गेले होते. परत आले तर मनी दारात, हातात अर्धा पेढा.

"आये, म्या वलांडून आले! आबांनी पेढा दिला."

मोहनराव प्रगतीसाठी, म्हणजे त्यांच्या लेकीसाठी, बारामतीला मुलगा बघायला निघाले होते. कबरी आडवी गेली. मी घरी नव्हते. म्हणून त्यांनी माझ्या नऊ वर्षांच्या पोरीला बोलावलं.

पेढा मी तिच्या हातातून काढून कोंबड्यांपुढे टाकला. मनी रडली. मी तिला रडू दिलं आणि तशीच पायांना माती लागलेली मोहनरावांच्या ओट्यापुढे जाऊन उभी राहिले.

"आबा, माझ्या पोरीला का बलिवलंसा?"

"तू न्हवतीस," ते म्हणाले. त्यांना खरंच काही वावगं वाटत नव्हतं. "आन् तुझ्यामागं तिलाच की आता."

मी परत फिरले. माझ्या अंगाची लाहीलाही होत होती. बिरू गेला तेव्हाही मी एवढी पेटले नव्हते. तो ताप होता, तापाला कुणाचं तोंड नसतं. याला तोंड होतं, आणि ते पान खात माझ्याकडे बघून हसत होतं. शेत वारशाने मिळतं, मेंढरं मिळतात, हे मला ठाऊक होतं. माझ्या पोरीला माझा अपशकुन मिळणार, हे मला त्या दिवशी कळलं.

घरी आले तर मनी डोळे पुसून भिंतीवरच्या फोटोपुढे बसली होती. "आये, बैलाला पोळा हाय, नागाला पंचमी हाय. आपल्या कबरीचा सण कवा?"

"बावीस फेब्रुवारीला," मी म्हणाले. इटलीची सतरा तारीखही चालली असती, पण तयारीला पाच दिवस जास्त मिळत होते.

वस्तीभर मीच सांगत सुटले. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आठ दिवस आधी प्रगती आली, जरा अवघडून. "काकी, बावीसला माझी सुपारी फुटायची हाय बारामतीला. तुमी सण दुसऱ्या दिशी करा की."

"जपानला कळवाय लागंल मग," मी म्हणाले.

ती हसली. पोरगी वाईट नव्हती. पण तारीख मी बदलली नाही. त्यांना मुहूर्त ब्राह्मणाने काढून दिला होता, मला त्यांच्याच पोराने.

पोळ्याचं जे जे असतं ते सगळं मी केलं. आदल्या दिवशी बैलाची करतात तशी कबरीची खांदेमळणी केली, हळद आणि लोणी लावून. "आज आवतन घ्या, उद्या जेवाय या," असं मनीने हात जोडून सांगितलं. कबरीने आवतण घेतलं आणि खांद्यावरचं लोणी चाटून पुसून साफ केलं. शिंगं रंगवायची पंचाईत होती, म्हणून कानांमध्ये हिंगुळाचा टिळा लावला. बिरूच्या लाल मुंडाशाचा तुकडा फाडून पाठीवर झूल बांधली, गळ्यात एक घुंगरू. नैवेद्याला दूधभात आणि वर भाजलेली सुकट. पुरणपोळी तिला आवडत नाही, आणि सण तिचा होता.

सकाळी नऊला मिरवणूक निघाली. पाटीत कबरी, पाटी माझ्या डोक्यावर, पुढे हलगी वाजवणारा झुंबर, मागे मनी आणि वस्तीवरची पंधरावीस पोरं. झुंबर आधी यायला कचरत होता. मी म्हटलं, "बैलापुढं वाजिवतोस, मग हिच्यापुढं वाजिवताना हात दुखतात व्हय?" मग आला आणि असा वाजवायला लागला की कोंबड्या झाडावर चढल्या.

आम्ही माझ्या दारातून निघून रस्ता ओलांडत होतो, तेवढ्यात वस्तीकडून जीप आली. चालवायला विशाल, शेजारी भरजरी फेट्यात मोहनराव, मागे हिरव्या साडीतली प्रगती, तिची आई फुलाबाई आणि चुलते म्हस्कूतात्या.

मला थांबता आलं असतं. जीप जाऊ द्यायला किती वेळ लागतो? पण सहा वर्षं मीच थांबले होते. हलगी वाजत राहिली, आणि जीपच्या नाकासमोरून मी कबरीला पलीकडे घेऊन गेले.

विशालने कचकन ब्रेक मारला.

"मांजर आडवी गेली!" फुलाबाई ओरडल्या.

"गेली न्हाय, नेली," म्हस्कूतात्यांनी खुलासा केला. "पाटीतनं नेल्याली धरत न्हाईत."

"घुंगरू हाय की गळ्यात! धरत्यात!"

धरतात की नाही यावर जीपमध्ये वाद जुंपला. तो कबरीनेच मिटवला. हलगीला आधीच वैतागलेली ती, पाटीतून तिने उडी मारली, झुलीसकट रस्ता ओलांडून माझ्या दारात गेली, आणि तिथे सुकट राहिली नाही हे बघून पुन्हा रस्ता ओलांडून आमच्याकडे आली. एकूण तीन वेळा. आता कुणाला काही शंका उरली नाही.

मोहनरावांनी घड्याळात बघितलं आणि माझ्याकडे वळले. "म्हाळसे, चल. वलांड. मुहूर्त गाठायचा हाय."

"न्हाय," मी म्हणाले.

हलगी थांबली. मोहनरावांना वाटलं, मला ऐकू गेलं नसेल. "अगं वलांड म्हंतोय."

"ऐकलं म्या. वलांडणार न्हाय. आज सण हाय आमचा, सणादिशी काम करत न्हाय. आन् उद्यापास्नं बी करणार न्हाय."

"माजलीस व्हय गं? माझ्या पोरीच्या चांगल्यात इघ्न आणतीस?"

"इघ्न म्या आणत न्हाय. म्या ते सहा वर्सं अंगावर घेतलं. काय झालं मला? ताठ हुबी हाय तुमच्यापुढं. इचारा की विशालला, ज्या गावात मांजरांची मिरवणूक निघती, तिथली मान्सं किती बुडाली ती!"

विशाल स्टिअरिंगकडे बघत बसला. सुधारलेल्या माणसांचं कौतुक त्याने अल्बममध्ये ठेवून दिलं होतं.

मग मोहनरावांनी जे केलं, त्याची मला आदल्या रात्रीपासून धास्ती होती. त्यांनी मांडीवरच्या, बारामतीला न्यायच्या पेढ्यांच्या खोक्याचं झाकण उघडलं आणि पेढा उचलून धरला. "मने, ये गं बाळा. पळत ये हिकडं."

मनी रस्त्याच्या कडेला उभी होती. तिने पेढ्याकडे बघितलं. नऊ वर्षांची पोर, पेढा तिला वर्षातून दोनदा दिसायचा. मी तिचा दंड धरू शकले असते, धरावासा वाटलाही. पण मी धरला असता, तर ती मला भिऊन थांबली असती, आणि ज्या दिवशी मी नसेन त्या दिवशी पुन्हा गेली असती. मी हात मागे बांधले.

मनीने खाली वाकून कबरीला उचललं. "म्या न्हाय येत, आबा," ती म्हणाली. "तुमीच या हिकडं. आमी जेवाय बसणार हाय."

पोरं फिदीफिदी हसली. मोहनरावांचा हात पेढ्यासकट तसाच राहिला.

जीपचं मागचं फाळकं वाजलं. प्रगती खाली उतरली. "पोरी, खुळी का काय? तुझंच शुभकार्य हाय!" फुलाबाईंनी तिचा पदर धरला.

"म्हणूनच की," प्रगती म्हणाली. "माझ्या लग्नाचं वाईट त्या लेकराच्या अंगावर घालून म्या नांदाय जाऊ?"

पदर सोडवून घेऊन ती सरळ चालत आली. हिरव्या बांगड्या वाजवत, जराही न थबकता. मनीच्या कडेवरच्या कबरीच्या डोक्यावर तिने हात फिरवला आणि माझ्या शेजारी उभी राहिली. वाईट तिच्या अंगावर गेलं, असं म्हणून म्हस्कूतात्या मोकळे होऊन निघाले, ती आपली लेक आहे हे आठवून फुलाबाई रडत तिच्यामागे आल्या, आणि विशाल जीप तशीच सोडून, माझ्याकडे न बघता, पलीकडे येऊन उभा राहिला.

जीपमध्ये मोहनराव एकटे उरले. म्हस्कूतात्या काहीही म्हणोत, घरच्याच माणसाने ओलांडलं तर वाईट घरातच राहतं, असं ते मानत; आणि त्यांच्यापुढे आता एकही परकं माणूस नव्हतं ज्याला हाक मारता येईल. गडी बागेत होते. हाकेच्या टप्प्यात मी, माझी पोर, आमच्यामागे सरकलेले झुंबर आणि पोरं, आणि त्यांचं स्वतःचं घर, आणि आम्ही सगळे कबरीच्या वाटेपलीकडे.

"आबा," मी म्हणाले, "हितं आता कुणी राहिलं न्हाय. तुमचं तुमीच या."

ते उतरले. धोतराचा सोगा हातात धरून, रस्त्यात काही सांडलंय की काय असं खाली बघत, एकेक पाऊल टाकत ते आले. एवढा मोठा माणूस, बारामतीत त्यांना खुर्ची देतात, आणि पंधरा पावलांच्या रस्त्यावर घामाघूम झाला. मला हसू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. रागच आला. ह्या पंधरा पावलांची त्यांना एवढी भीती होती, आणि तरी ती त्यांनी माझ्या लेकराला चालायला लावली होती.

मी मनीला पुढे उभं केलं.

"नीट बघून घे," मी म्हणाले. "ज्येचं भ्याव त्येनंच चालायचं असतंय."