तणसावरची सरळ रेघ

"ब्रेक मारलाच नाई तिनं," नथ्थू म्हणाला.

हवालदाराने मान वर केली नाही. मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून तो पंचनामा लिहीत होता. अतिवेग, धुकं, ओला रस्ता, ब्रेक दाबल्यामुळे स्कूटी घसरली, चालक पुलियाच्या कठड्यावर आदळली. झालं! बावीस वर्षांची पोरगी चार ओळींत आटोपली.

"साहेब, आयका ना जी. ब्रेक मारला असता तं गाडी आडवी गेली असती. ती सरळ गेली. सकाळी मी रेघ पाह्यली ना तनसावर. दोरीनं आखल्यावानी सरळ होती."

"कुठं हाये रेघ?"

नथ्थूने बोट दाखवलं आणि ते बोट तसंच हवेत राहिलं. सकाळी सात वाजता याच वळणावर अर्ध्या रस्त्यात धानाची लांबच लांब रास होती. राशीवर ताडपत्री, ताडपत्रीवर दव लागू नये म्हणून धानाचा वाळलेला पेंढा, म्हणजे तणस, आणि गाड्या वर चढू नयेत म्हणून कडेने डोक्याएवढे गोटे. आता दुपारचा एक वाजला होता आणि रस्त्यावर दाणा म्हणून दिसत नव्हता. नथ्थू त्या पोरीला, करिश्माला, घेऊन दवाखान्यात धावला, तेवढ्या वेळात जामटोला गावाने सगळं उचलून खराटे मारले होते. एरवी गावातली नाली उपसायची म्हटली तर चार माणसं जमत नाहीत!

"कोनाचं धान होतं का इथं?" हवालदाराने कागदावरून नजर न काढता विचारलं.

नथ्थूने तोंड उघडलं. पोलीस पाटील सुकलू बाजूलाच उभा होता. त्याने नथ्थूचं मनगट धरून असं दाबलं की बांगडी असती तर फुटली असती.

"नाई जी साहेब," सुकलू म्हणाला, "बैलबंडीवरून तनस नेतेत लोकं. सांडते कधी कधी."

 धान नथ्थूचं होतं. गोटेही त्यानेच लावले होते.

नथ्थू रामटेके फौजेत ड्रायव्हर होता. सतरा वर्षं नोकरी झाली, त्यातले सहा हिवाळे बर्फातल्या घाटांत गेले. टायरला साखळ्या बांधायच्या, गाडी पहिल्या गिअरने नाही, दुसऱ्याने उचलायची, पुढच्या गाडीपासून लांब राहायचं, आणि उतारावर ब्रेकला पाय लावायचा नाही. रस्त्यासारखाच काळा दिसणारा बर्फ असतो, तो तर नुसत्या चमकेवरून ओळखायचा. त्या सहा हिवाळ्यांत त्याच्या गाडीला ओरखडा गेला नाही. पेन्शन घेऊन गावी आला, शाळेच्या पोरांसाठी व्हॅन घेतली, आणि दिसेल त्याला बर्फातल्या गोष्टी सांगू लागला. आता जिथे मे महिन्यात डांबर चपलेला चिकटतं, तिथे बर्फाचं कौतुक कोणाला? लोक त्याला बरफवाले भाऊ म्हणू लागले. एका म्हातारीने तर खरंच गोळेवाला समजून नातवाला पाच रुपये देऊन त्याच्या दारात पाठवलं होतं.

पण नथ्थूचं म्हणणं असं, की बर्फ इथेही पडतो. डिसेंबरात पडतो आणि पिवळा असतो. पोंभुर्ण्याच्या रस्त्यावर धान पडलं, तणस पडलं, त्यावर रात्रीचं दव पडलं, की टायरखालची जमीन गेलीच समजा. नऊ वर्षं तो यावरून गावाशी भांडला. ग्रामसभेत उभा राहून ओरडला, "रस्ता काय तुमच्या बापाचं खळं हाये?" लोक म्हणत, "खळं हाये कोनाकडं, भाऊ? जागा दाखवा, तिथी वाळवतो." साऱ्या गावाला पुरेल अशी जागा त्याच्याकडेही नव्हती. मग रोज पहाटे व्हॅन काढायच्या आधी तो जाऊन रस्त्यातले गोटे काढून फेकायचा, आणि लोक शिव्या घालत पुन्हा आणून लावायचे. हा खेळ दर हिवाळ्यात चालायचा.

त्याचं ऐकलं ते एकट्या करिश्माने. ती शेजारच्या सोमाजी मडावीची पोरगी. नर्सिंग शिकून उपकेंद्रात लागली, स्कूटी घेतली आणि तडक नथ्थूच्या दारात आली.

"काका, मले शिकवा. लसीचा डबा घेऊन जा लागते. पडली तं डबा फुटन."

"अन् तू फुटशीन ते?"

"मी मडाव्याची हावो. मी नाई फुटत."

नथ्थूने वाटेवर तणस पसरलं, वर दोन बादल्या पाणी ओतलं आणि आठ दिवस तिला त्यावरून गाडी चालवायला लावली. पहिल्या दिवशी ती चारदा पडली आणि चारही वेळा हसली. तो ओरडायचा, "मूठ सोड! हँडल सरळ! ब्रेकले हात नको लावू! गाडीले तिची जमीन सापडू दे!" आठव्या दिवशी ती तणसावरून अशी सुळकन गेली, की नथ्थूने स्वतःशीच टाळी वाजवली. फौजेतही असा हात त्याने फार पाहिला नव्हता.

आणि यंदा काय झालं? डिसेंबरच्या सुरुवातीला अवकाळी पाऊस आला. मशीनमधून काढलेलं धान पोत्यांत ओलं झालं. दरवर्षी नथ्थू समाजमंदिराच्या ओट्यावर धान वाळवायचा, यंदा तिथे बांधकाम काढलेलं. बायको वच्छला दोन दिवस पोत्यांत हात घालून पाहत होती. तिसऱ्या दिवशी तिने मूठभर धान आणून त्याच्या ताटाजवळ ठेवलं.

"हे पाहा, कोंब फुटून राह्यले. खरेदी केंद्रावर ओलं धान कोनी घेते का? साऱ्या गावाचं रस्त्यावर वाळते, आपलंच काऊन घरात सडते? आता बरफच खा मंग वरसभर!"

नथ्थू जेवणावरून उठला आणि पोती वाहू लागला. बरं, माणूस फौजेतला! करायचं ते शिस्तीत. रास सरळ, गोट्यांची ओळ सरळ, दोन गोट्यांत सारखं अंतर. घात करायचा तोही कवायतीसारखा. रात्री वारा सुटला. वरचं तणस उडून उरलेल्या रस्त्यावर पसरलं आणि टोकाचे दोन गोटे त्याखाली बुजून गेले.

सकाळी आवाज ऐकून सगळ्यात आधी पोचला तो नथ्थूच. करिश्मा पुलियापाशी पडली होती, हेल्मेट डोक्यावर, छाती कठड्यावर आपटलेली. तिला उचलायला वाकण्याआधी त्याची नजर मागे गेली. सहा हिवाळ्यांची सवय, ती कुठे जाणार? ओल्या तणसावर चाकाची रेघ वीसेक पावलं सरळ आली होती. कुठे वळवळ नाही, कुठे फरफट नाही. त्याने शिकवलं तसंच, अगदी तसंच तिने केलं होतं. आणि रेघ संपली तिथे उलटलेला गोटा होता.

कोणाची वाट न पाहता त्याने तिला व्हॅनच्या पुढच्या सीटवर घेतलं. एकोणीस किलोमीटर. दवाखान्याच्या दारात डॉक्टर बाहेर आले, नाडी पाहिली आणि पुन्हा आत गेले. कोणाच्या तरी गाडीवर बसून सोमाजी पोचला, तोवर पोरीच्या अंगावर चादर आली होती.

करिश्माला माती दिली. त्यानंतर नथ्थूने व्हॅनची किल्ली खुंटीला लावली ती काढलीच नाही. धान केंद्रावर गेलं, मशीन लावून पाहिलं, ओलावा बरोबर भरला. वच्छला त्या दिवशी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. गावात मात्र पंचनाम्यातल्या चार ओळींना पाय फुटले. पानठेल्यावर, हातपंपावर, जिथे जावं तिथे तेच. पोरगी जोरात चालवे. आजकालच्या पोरी आयकतेत का कोनाचं? कानाले फोन असन. ज्यांनी स्वतःच्या हाताने रस्ता झाडला होता, त्यांच्याच तोंडी हे. नथ्थू ऐकायचा आणि पुढे जायचा. आपल्या भित्रेपणाची त्याला किळस आली होती. पण किळस आली म्हणून जीभ उचलली जाते असं थोडंच आहे?

अकराव्या दिवशी सकाळी तो सोमाजीच्या अंगणात गेला. सोमाजी धानाच्या पोत्यांना टेकून बसला होता. घरात त्याची बायको बुधरी चुलीपुढे होती, चूल विझलेली.

"सोमाजीभाऊ," नथ्थू उभ्यानेच म्हणाला, "ते धान माहं होतं. गोटेबी माहे होते."

"माहीत हाये."

"माहीत हाये?"

"गाव लपवते म्हनून काय बापाले समजत नाई? बस."

नथ्थू बसला. मग सोमाजी म्हणाला, "मले एकच सांग. तू शिकवलं होतं तिले. लोकं म्हनतेत, जोरात होती, ब्रेक मारला, म्हनून घसरली. असंच झालं का? तिनं तुहं आयकलं नाई का?"

नथ्थूने अंगणातल्या धुळीत बोटाने रेघ ओढली. इथून तणस सुरू झालं, इथे तिने मूठ सोडली, इथवर गाडी सरळ आली, इथे गोटा. सोमाजी वाकून त्या रेघेकडे पाहत राहिला.

"म्हंजे तिचं काई चुकलं नाई."

"काई नाई चुकलं, भाऊ. माह्या सतरा वरसांत मी असा हात पाह्यला नाई. चुकलं ते माहं. मी आजच ठान्यात जातो. धान माहं, गोटे माहे, पोरीचा दोष नाई, असं लिहून देतो. मंग काय व्हायचं ते होवो."

सोमाजी दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. मोठ्याने, पोर रडतं तसा. चुलीपुढची बुधरी दारात येऊन उभी राहिली आणि पुन्हा आत गेली. रडणं ओसरल्यावर त्याने खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं, वळून एका पोत्याची सुतळी सोडली आणि नथ्थूचा हात धरून आत खुपसला. धान गरम लागलं. मुठीत पांढरे कोंब आले.

"त्याच पावसात भिजलं. त्या दिवशी वाळवाचं होतं, अन् मंग अकरा दिवस कोनी हात नाई लावला याले. केंद्र शनिवारी बंद होते. तू ठान्यात जाशीन. उद्या साहेब येईन अन् रस्त्यावरचं सारं धान उचलाले लावन. मंग मी हे कुठी वाळवू?"

"पन भाऊ, करिश्माचं नाव..."

"नाव," सोमाजी म्हणाला. "तुले माहीत हाये ना, अन् मले माहीत हाये. पोरगी तं गेली. आता बुधरीच्या तोंडचा घासबी जाऊ देऊ का? सांग ना! तूच सांग."

नथ्थूने मुठीतलं धान पोत्यात परत सोडलं आणि सुतळी बांधली.

"चाल," सोमाजी उठला. "ताडपत्रीचं तिकडचं टोक धर."

दोघांनी बंडीवरून पोती नेली. गावाजवळच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी सागाची सावली. सकाळचं ऊन आधी उतरतं ते त्या वळणावरच. सोमाजी तिथे थांबला आणि त्याने पुलियाकडे पाहिलं नाही. दोघांनी मिळून धान ओतलं, पसरलं. मग सोमाजी सवयीने कडेचा एक गोटा उचलायला वाकला.

"गोटे नको, भाऊ," नथ्थू म्हणाला.

"मंग गाड्या धानावरून जातीन."

"मी उभा राह्यतो."

तो वळणाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. गाडी दिसली की हात वर करायचा, वेग कमी करायला लावायचा, बाजूने काढून द्यायचा. ट्रॅक्टर गेले, दुधाच्या मोटारसायकली गेल्या. कोणी विचारलं, कोणी न विचारता मान खाली घालून गेलं. ऊन चढलं. वच्छला डबा घेऊन आली, कडेला ठेवून गेली, त्याने उघडला नाही. ठाण्यात आपण आता कधीच जाणार नाही हे त्याला उभ्या उभ्या कळून चुकलं होतं. शनिवारनंतर दुसऱ्याचं धान असेल, पुढच्या हिवाळ्यात तिसऱ्याचं. पोलिसांच्या कागदावर करिश्मा कायमची जोरात चालवणारी राहील.

सोमाजी अनवाणी पायांनी धान उलटत होता. पाय घासत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, मागे बोटांच्या ओळी उमटायच्या, की पुन्हा परत. तीन-साडेतीनच्या सुमाराला फेरी संपवून तो नथ्थूजवळ आला आणि तिथेच थांबला.

"नथ्थूभाऊ, गाडीत तू एकटाच होता तिच्याजवळ."

"हो जी."

"भेली असन का रे ती? मरताना?"

एकोणीस किलोमीटर करिश्माने त्याच्या सदऱ्याचा काठ मुठीत धरून ठेवला होता. 'काका, मले भेव लागून राह्यला, काका, बाबाले बलवा,' एवढंच ती म्हणत होती, आवाज संपेपर्यंत. दवाखान्याच्या दारात ती मूठ त्याला एकेक बोट करून सोडवावी लागली होती.

"नाई जी," नथ्थू म्हणाला. "बिलकुल नाई. भेली असती तं ब्रेक मारला असता."

सोमाजीने मान हलवली. मग तो वळला आणि पाय घासत धानाची पुढची ओळ उलटू लागला.