पाटलीनबाईनं घेतलेली हजेरी

सहा वर्सं! सहा वर्सं पारध्याची हजेरी मी घेतली, आन् बुकात नाव आमच्या मालकांचं. मालक म्हंजी गावचे पोलीस पाटील, आबासाहेब. गावाभाईर पारध्याचं एकच पाल, कानिफनाथाचं. सरकारानं त्यांच्या अख्ख्या जातीला जन्मापासनंच चोर ठरवलेलं. म्हनून त्यानं रोज सकाळी न् दिवस मावळताना पाटलाम्होरं हुबं ऱ्हायाचं. पन पाटील घरात असत्यात कवा? मग कानिफ वसरीपाशी येऊन म्हनायचा, "हाय मी, पाटलीनबाई." मी चुलीपासनंच "बरं" म्हनायची. आठवड्यानं मालक बुक मांडीवर घेऊन मला इचारायचे, "चुकला का कवा?" मी "न्हाई" म्हनलं की सात दिसांच्या खुना एका दमात. समद्या गावाला ठावं हुतं, कुनाला वावगं वाटलं न्हाई. मलाबी न्हाई, त्याची लाज वाटती.

त्रेचाळीस साली मालक आतेभावाच्या पोरीच्या लग्नाला पुणतांब्याला गेले. रजा-बिजा काय काढली न्हाई. तिसऱ्या दिशी सकाळी शेजारच्या गावातनं बैलजोडी चोरीला गेली. दुपारी फौजदार आमच्या दारात. बुक उघडलं, तर तीन दिस कोरे.

"कानिफ्या गैरहजर. म्हणजे बैलं त्यानंच नेली."

मी दाराआडनं वरडले, "अवो, त्यो सकाळी हितं हुता! माज्या डोळ्यांनी बगितला!"

"बाई, तुम्ही आत जा," म्हनला मेला, आन् कानिफला पालावरनं धरून नेलं. माज्या अंगाचा नुस्ता तिळपापड झाला.

मालक आल्यावर म्हनलं, "फौजदाराला खरं सांगा."

खाली मान घालून म्हनले, "पाटीलकी जाईल, रतन."

"आन् त्यो दोन वर्सं खडी फोडंल, त्याचं काय?"

"त्यांना सवय असती."

सवय! "जळो ती तुमची पाटीलकी," म्हनलं, आन् त्या दिवसापासनं अबोला धरला.

खटल्याच्या दिशी कानिफची बायको कडूबाई चालत तालुक्याला निघाली. मीबी तिच्यासंगं निघाले. पाटलाघरची बाई कचेरीत! गावानं तोंडात बोटं घातली. घालू द्या.

मामलेदारसाहेबाम्होरं मी समदं सांगितलं. बैलं गेली त्या वक्ताला कानिफ माज्या दारात हुता. हजेरी मीच घेती, मालक नुस्त्या खुना करत्यात. साहेबांनी नीट ऐकलं. "बाई खरं बोलतात," म्हनले. चोरीतनं कानिफ सुटला. कडूबाईनं माजा हात गच्च धरला.

मग साहेब म्हनले, "पण हजेरी पाटलासमोर द्यायची असते. पाटलाच्या बायकोसमोर दिलेली हजेरी कायद्यात बसत नाही. तेव्हा आरोपी गैरहजर होता, हे बाईंच्याच तोंडून शाबीत झालं."

सहा म्हैने सक्तमजुरी. आन् रजेबिगर लग्नाला गेलेल्या पाटलाला? ताकीद. नुस्ती ताकीद!

"आवो साहेब, पाटील घरात न्हवता, ह्यात ह्याचा काय गुना?" मी किंचाळले. शिपायानं मला भाईर काढलं.

कडूबाई रडली न्हाई. म्हनली, "पाटलीनबाई, सहा म्हैन्यांनी त्यो सुटल. सुटला की परत तुमच्याच दारात हजेरीला येनार. तवा पाटील असत्याल का घरी?"

चार कोस चालत आले. मालक पारावर चार मानसांत सुपारी कातरत बसलेले. जन्मात कवा मी पारावर गेले न्हवते, त्या दिशी गेले. डोईवरचा पदर सावरला आन् समद्यांदेखत म्हनलं, "पाटील, कानिफ तुमच्यापायी तुरुंगात गेला. सहा म्हैने हायेत तुमच्याकडं. तवर घरी बसायला शिका."