धामणखिंडीतली डोण

मित्रांनो, आज मला पाहणाऱ्याला मी कड फुटलेला एक जुना दगड वाटते. पण मी डोण आहे, जनावरांच्या पाण्यासाठी काळ्या पाषाणातून कोरलेली. भोकरदनच्या उत्तरेला अजिंठ्याचे डोंगर लागतात. तिथल्या धामणखिंडीत, बारमाही झऱ्याखाली, तिथेच मेंढरे राखणाऱ्या जयवंताबाईच्या सासऱ्याच्या आज्याने मला घडवले. त्याला एक अख्खा उन्हाळा लागला होता.

खानदेशातून मीठ घेऊन येणारे बैल माझ्यापाशी थांबत. निजामाचे राज्य गेले, तरी झरा तसाच वाहत राहिला. उजाडता उजाडता तरस पाणी पिऊन जाई, मग मेंढरे येत. चंपाषष्ठीला धनगरांच्या बाया मला राखेने घासत, भंडारा लावत आणि ओव्या म्हणत. त्या ओव्यांत डोंगरातल्या एकेका घळीचे नाव होते. ती नावे कुठल्याच नकाशात नाहीत. जयवंताबाईला मात्र सगळी तोंडपाठ होती.

१९८४ साली खिंडीतून सडक काढायचे ठरले. जयवंताबाईचा नवरा रायभान ठेकेदाराला भेटला. सडक शंभर पावले बाजूने न्या, एवढेच त्याचे मागणे होते. सर्जेराव ठेकेदार हसला आणि त्याने खडकावर लाल खुणा करून झऱ्याच्या डोक्यावरच सुरुंग लावले. तीन दिवस माझ्यात गढूळ पाणी आले, मग थेंब थेंब, मग काहीच नाही.

पुढे कुठल्याशा साहेबाला मी आवडले. न विचारता मला ट्रकमध्ये घातले. चढवताना माझी कड फुटली. खाली सडकेकडेच्या विश्रामगृहात नेऊन मला चुना फासला, पोटात माती भरली आणि कर्दळ लावली. पाहुणे म्हणत, कुंडी छान आहे. मित्रांनो, मी कुंडी! आजही ते आठवले की राग आवरत नाही.

जयवंताबाईने दोन वर्षे हेलपाटे घातले. वस्तू सरकारी आहे, एवढेच उत्तर मिळे. मग १९८७च्या चैत्रात पाण्याची टंचाई झाली. एका दुपारी ती चाळीस मेंढरे घेऊन सरळ विश्रामगृहाच्या फाटकातून आत आली. संपत नावाचा राखणदार आडवा झाला. इथे मेंढरे आणता येत नाहीत, असे तो म्हणाला.

"डोणीवर पाणी पाजायला आले मी," ती म्हणाली. "डोण तुम्ही हितं आणली, मंग मेंढरं दुसरीकडं कशाला जातेल?"

तिने कर्दळ उपटली. दोन्ही हातांनी माती उपसून बाहेर फेकली आणि हिरवळीवरचा पाण्याचा पाइप माझ्यात सोडला. तीन वर्षांनी माझ्या कडेला मेंढरांची नाके लागली. साहेब बाहेर आला. पोलीस बोलावतो म्हणाला.

"बोलवा. आमच्या ह्यांच्या आज्याच्या बापानं कोरली ही डोण. तुमच्या आज्याचं काही हाय का हितं? असंल तर दाखवा."

साहेबाने संपतला नळ बंद करायला सांगितले. संपत नळापाशी गेला, तोटीवर हात ठेवून उभा राहिला. पण शेवटचे मेंढरू पिऊन होईपर्यंत त्याने ती फिरवली नाही.

त्यानंतर दर आठवड्याला ती येत राहिली. उन्हाळा सरताना साहेब कंटाळला आणि घेऊन जा म्हणाला. आठ माणसांनी दोर लावून मला पुन्हा खिंडीत आणले. पण झरा परत आला नाही. ज्या बाईने साहेबापुढे मान वाकवली नाही, ती माझ्या कोरड्या पोटात हात ठेवून रडली.

आज दोन हजार एक साल आहे. जयवंताबाई थकली आहे. तरी खालच्या विहिरीवरून दोन घागरी आणून माझ्यात ओतते. तेवढे पाणी कोकरांपुरते होते. तिच्या ओव्या कुणी लिहून घेतल्या नाहीत, शिकायलाही कुणी येत नाही.

मित्रांनो, मला भंडारा लावू नका आणि माझ्यासमोर उभे राहून फोटोही काढू नका. पलीकडच्या घळीत अजून एक झरा जिवंत आहे. परवा तिथल्या खडकावर कुणीतरी लाल रंगाच्या खुणा करून गेले आहे. त्या कुणी केल्या आणि कशासाठी, हे जाऊन विचारा. सुरुंग लावायच्या आधी विचारा.