किल्ल्यातली थंडी

"बासीकाकू, तुमचं नाव आहे त्याच्यात! सुरुवातीला पाट्या येतात ना, तिथं. कपडेपट, बासिलिसा ओर्तिन. मी स्वतः वाचलं!"

गावची सरपंच नूरिया धापा टाकत दारातच उभी होती. बासिलिसा उंबऱ्याशी खुर्ची टाकून घेवड्याच्या शेंगा सोलत होती. शेजारची निएवेस नेहमीप्रमाणे मदतीला म्हणून आली होती आणि नेहमीप्रमाणे नुसतीच बोलत होती.

"कशात गं माझं नाव?"

"आपल्या किल्ल्याच्या पिक्चरमध्ये! जर्मनीत कुठल्याशा गोदामात पुरी प्रत सापडली. शनिवारी संध्याकाळी सभागृहात लावतोय. तुम्ही पहिल्या रांगेत, पाहुण्या म्हणून."

"पुरी म्हणजे?"

नूरिया हसली. "पुरी म्हणजे परदेशातली, काकू. बिनकपड्यांची."

"अगो बाई!" निएवेसनं टाळी दिली. "मग आमच्या एलादियोसाठी दोन खुर्च्या ठेव हो. एक बसायला, एक आडवं व्हायला. भोवळ्यासारखी गत झाली तर?"

भोवळ्या म्हणजे बासीचा नवरा ओनोफ्रे. तो जाऊन तीन हिवाळे झाले होते, पण त्याच्यावरचा विनोद काही गेला नव्हता, आणि एरवी त्यावर सगळ्यात आधी बासीच हसायची. आज मात्र तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

ती शहात्तर वर्षांची होती आणि तिला भीती वाटली. सरळ सांगायचं तर लाज वाटली, पंचविशीतली.

जनरलच्या राज्यातली, सेन्सॉरच्या कात्रीच्या काळातली ती गोष्ट. किल्ल्यात रक्तपिपासू सरदारणीचा पिक्चर काढायला बार्सेलोनाहून माणसं आली आणि गावातली शिवणारी म्हणून बासीला बोलावणं आलं. काय ते गाऊन! दहा वार मखमल एकेकाला. रोज कुणाच्या ना कुणाच्या मानेतून रक्त काढायचे, आणि ते रक्त बीट उकळून निएवेसची आई करायची. सगळे प्रवेश दोनदा व्हायचे. आधी गळ्यापर्यंत बटणं लावून, आपल्या देशासाठी. मग गेटवरच्या शिपायांना कॉफीत ब्रँडी घालून बसवून ठेवायचं आणि तोच प्रवेश गाऊन उतरवून, बाहेरच्या देशांसाठी. दिग्दर्शक ओरडायचा, "सोवळ्यातली झाली का? चला, आता ओवळ्यातली!" गाऊन पडला की उचलायचा आणि प्रवेश संपला की कुडकुडणाऱ्या बाईच्या अंगावर घोंगडी टाकायची, हे बासीचं काम. इतकी मजा तिला पुढे कधी आली नाही.

एक दिवस सरदारीण झालेली बाई तापानं फणफणली. प्रवेश तर उरकायचा होता, आणि त्यात फक्त पाठ दिसायची होती. दिग्दर्शकानं इकडे तिकडे पाहिलं आणि त्याची नजर टाचण्या तोंडात धरून उभ्या असलेल्या बासीवर येऊन थांबली.

नाही म्हणणं तिच्या अगदी ओठांवर होतं. पण गाऊन उचलून उचलून ती कंटाळली होती. एकदा तरी आपण पाडावा आणि दुसऱ्या कुणीतरी उचलावा, असं तिला वाटलं. बस, एवढंच कारण. दुसरं तिला स्वतःलाही कधी सापडलं नाही.

तिच्या डाव्या खांद्याखाली एक डाग होता, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचा. लहानपणी डुक्कर कापायच्या दिवशी उकळती चरबी उडाली होती. मेकअपवाला तो झाकायला निघाला तर दिग्दर्शक धावत आला. "राहू दे, राहू दे! वटवाघळानं चावल्यासारखा दिसतोय!" आणि कॅमेरा आणखी जवळ आणला.

ओनोफ्रे तेव्हा गावोगाव डुकरं कापत फिरत होता. तिनं त्याला काही सांगितलं नाही. गावात पिक्चर लागला तेव्हा त्या जागी गळ्यापर्यंत बंद गाऊन होता. बाकीचं कुठे तिकडे जर्मनीत गेलं म्हणून तिनं ते मनातून काढून टाकलं.

आणि दोन वर्षांनी गावातले पुरुष लूर्दच्या पवित्र झऱ्याच्या यात्रेला म्हणून गेले. यात्रा म्हणजे खरं तर सरहद्दीपलीकडचं पेर्पिन्यान शहर. इकडे कापलेलं सगळं तिकडच्या थिएटरांत दिसायचं, त्यामुळे त्या काळात अर्धा देश असल्याच यात्रा करायचा. बस निएवेसच्या नवऱ्यानं, एलादियोनं चालवली. परत येताना वाटेतल्या एका स्टेशनच्या नळावर बाटल्या भरून घेतल्या, आणि बायकांनी महिनाभर ते तीर्थ म्हणून तापातल्या पोरांच्या कपाळाला लावलं.

हे फुटलं ते एलादियोला हसू आवरेना म्हणून. आपल्याच किल्ल्याचा पिक्चर लागला होता आणि तो बघताना ओनोफ्रेला भोवळ आली! कोपरापर्यंत रक्तात हात घालणारा ओनोफ्रे, बाई बघून आडवा झाला! त्या दिवसापासून त्याचं नाव भोवळ्या. बारमध्ये शिरला की कुणीतरी ओरडायचं, "भोवळ्या, जपून रे, बारवालीची बाही वर गेलीय!" तो हसायचा, वाईन प्यायचा, डाव मांडायचा. जन्मभर त्यानं ऐकून घेतलं. चर्चच्या दारावरच्या निधनाच्या कागदावर बासीनंच त्याच्या नावापुढे 'भोवळ्या' छापून घेतलं, नाहीतर कोण गेलं ते अर्ध्या गावाला कळलं नसतं.

शनिवारी डोकं दुखतंय म्हणून घरी राहावं असं तिला दहादा वाटलं. शेवटी उंच गळ्याचा ब्लाउज घालून ती गेली. सभागृह खच्चून भरलं होतं. पडद्यावर तिचं नाव आलं तशा टाळ्या पडल्या. मग तिची मखमल दिसली, बिटाचं रक्त दिसलं, तेव्हाचे तरणेताठे आणि आता नसलेले लोक मशाली घेऊन धावताना दिसले. "अरे, तो आमचा बाबा!" कुणीतरी म्हणालं आणि मागे एक म्हातारी मुसमुसायला लागली.

आणि मग गाऊन पडला.

पाठ आली. परातीएवढा डाग आला. बासीनं ब्लाउजचा गळा मुठीत पकडला. आता कुणीतरी वळून बघणार.

कुणीच वळलं नाही. निएवेस तिच्या कानाशी म्हणाली, "कातडी बघ गं त्या बाईची, लोण्यासारखी. आपली मेली अशी कधी होती का?"

"इथंच!" मागच्या रांगेत एलादियो काठी टेकत उठला. "अरे, इथंच पडला होता भोवळ्या! असा उभा राहिला सगळ्यांच्या समोर, हात पसरून, भुतासारखा! बस खाली, बस खाली, आम्ही ओरडतोय, आणि धाडकन माझ्या अंगावर! दिवे लागले, पिक्चर बंद, उचलून बाहेर नेला गाढवाला. बाहेर टुणटुणीत! पण परत आत जाऊ देईल तर शपथ. म्हणे, मला एकट्याला सोडू नका. पुढचा पिक्चर आज बघतोय मी!"

सभागृह हसून लोळायचं बाकी राहिलं. बासीच्या मुठीतला गळा सुटला. पडद्यावरची पाठ केव्हाच गेली होती आणि ती तिथंच बघत बसली होती. ओनोफ्रे, ती मनात म्हणाली, अरे ओनोफ्रे. आणि मी पण हसले रे तुला, सगळ्यांच्या बरोबर हसले.

पिक्चर संपला. नूरियानं तिच्या हातात माईक दिला. "काकू, दोन शब्द बोला. कपड्यांबद्दल."

ती उभी राहिली. एलादियो अजून डोळे पुसत होता. गप्प बसली असती तर चाललं असतं. ती पाठ ओळखणारा माणूस जगात एकच होता आणि तो गेला होता.

"कपड्यांचं काय सांगायचं," ती म्हणाली. "ती पाठ दिसली ना, डागाची? ती माझी."

कुणीतरी हसलं, मग थांबलं.

"ओनोफ्रेला भोवळ कधी आलीच नाही. तुम्ही बघू नये म्हणून पडला तो."

एलादियोनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर धरली. मग शेजारच्यानं काढली, मग त्याच्या मागच्यानं.

निएवेसनं तिला हाताला धरून घरी आणलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच वाटेत एक अक्षर बोलली नाही. बासीनं दिवा लावला. त्या यात्रेहून आला तेव्हा ओनोफ्रेनं तीर्थाची बाटली याच टेबलावर ठेवली होती आणि चुलीपाशी बसला होता. मग म्हणाला, "त्या किल्ल्यात फार थंडी असायची का गं?"

"असायची की," तिनं हातातल्या शिवणावरून मान वर न करताच सांगितलं होतं. "दगडाच्या भिंती त्या."

"हं," तो म्हणाला होता, आणि उठून त्यानं चुलीत आणखी एक लाकूड सारलं होतं.