पाखराच्या तोंडावर

त्या दिवशी वारा फिरला आणि पाखरांची नुसती झुंबड उडाली. एक जाळं मोकळं करून यावं, तोवर दुसरं भरलेलं. शेडमधल्या खुंट्यांवर कापडी पिशव्या टांगल्या होत्या आणि प्रत्येक पिशवी आतून धडपडत होती. बाप स्टुलावर बसून, पाखरं कुठवर जातात ते कळावं म्हणून त्यांच्या पायात नंबराची कडी घालून सोडत होता, लेक शेजारी बसून तो सांगेल ते लिहीत होती. मान वर करायला फुरसत नव्हती, आणि लेकीच्या ते पथ्यावरच पडलं होतं. बापाचे रिपोर्ट बघून डॉक्टरांनी आदल्या दिवशी तिला एकटीला आत बोलावून जे सांगितलं, ते बापाला अजून सांगायचं होतं.

बापाने मुठीतल्या पाखराच्या पोटावर हळूच फुंकर घातली. पिसं बाजूला झाली. कातडीखाली पिवळी चरबी दिसली की समजायचं, लांबच्या प्रवासाची शिदोरी आहे. ह्याच्याकडे ती नव्हती. बाप काहीच बोलला नाही. खिडकीबाहेर हात काढून त्याने मूठ उघडली, पाखरू दिसेनासं झालं, मग वहीसाठी म्हणाला, "चरबी शून्य."

ही त्याची जुनी खोड. आई होती तेव्हा टिंगल करायची, "पाखराला काय तुमचं बोलणं कळतं?"

"न का कळेना. समुद्र ओलांडायला निघालंय बिचारं. तोंडावर कशाला सांगायचं?"

दुपारी गर्दी जरा ओसरली. बापाच्या हातातून कडी आवळायची पक्कड निसटली.

"द्या बाबा, मी घालते."

"गप बस. तू कडी घातलीस की पाखरं मला शिव्या घालतात." त्याने वजनकाट्यावरच्या नळकांड्याकडे बोट दाखवलं. पाखरं त्यात उलटी घालून तोलायची असत. "त्यापेक्षा मला घाल ह्यात उलटा. पँट राहत नाही हल्ली कमरेवर."

ती हसली, पण जरा उशिराच. तेव्हा त्याने तिच्याकडे न बघता विचारलं, "काय म्हणाले गं डॉक्टर?"

तिच्या हातातल्या पिशवीत पाखरू फडफडलं.

"पुढच्या आठवड्यात सविस्तर बोलू म्हणाले."

पोटावरची पिसं सारून बघावं तसं त्याने तिच्याकडे बघितलं.

"बरं," तो म्हणाला. "आण पुढचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाथरूममध्ये कोसळला. दवाखान्यात शुद्धीवर आलाच नाही.

सगळं आटोपल्यावर जाळी उतरवायला तीच गेली. मोसम सरला होता. शेवटच्या जाळ्यात तळाशी एकच पाखरू अडकलेलं होतं, मागे राहिलेलं. तिने ते सोडवलं, शेडमध्ये आणलं, कडी घातली. हात शिकवल्यासारखे चालत होते. फुंकर घातली. आत काही नव्हतं.

खिडकीबाहेर तिने मूठ उघडली. पाखरू कुंपणाच्या खालच्या तारेपर्यंत गेलं आणि पिसं फुगवून तिथेच बसलं. ते जाईपर्यंत बोलायचं नाही, म्हणून ती थांबली. ऊन उतरलं. गार वारा सुटला. पाखरू हललं नाही.

मग ती स्टुलाकडे वळली. त्यावरची उशी अजून मधोमध दबलेली होती.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, आता काही करण्यासारखं उरलेलं नाही."