धूळ नाही, पावडर

कारखान्यात धूळ नव्हती. पावडर होती. स्वयंपाकघराचे ओटे कापणाऱ्या त्या शेडमध्ये कुणी 'धूळ' म्हणालं की मिस्त्री सुनावायचे, "धूळ रस्त्यावर असते. ही दगडाची पावडर आहे. झटकली की गेली." नवा माणूस आठवडाभरात पावडरच म्हणायला लागायचा. भुवया पांढऱ्या, डबा पांढरा, चूळ भरली की बेसिन पांढरं. पण धूळ नाही.

दगड कापताना पात्यावर पाण्याची धार हवी, असं यंत्रावरच लिहिलेलं होतं. पाण्याने पेन्सिलीची रेघ पुसते म्हणून मिस्त्रींनी नळीच काढून ठेवली. रेघेवर त्यांचा जीव.

दुसऱ्या यंत्रावर त्यांचा मेहुणा होता, लंबू. मिस्त्रींनीच लावलेला. चार वर्षं त्याने कोरडा दगड कापला आणि छत्तिसाव्या वर्षी एक जिना चढताना दोनदा टेकायला लागला. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून सांगितलं, फुप्फुसात दगड बसलाय. मोठ्या इस्पितळात जागा मिळायची तर आजार कामातून झाला हे वैद्यकीय मंडळापुढे ठरायला हवं होतं, आणि त्यासाठी कारखान्यातल्या जबाबदार माणसाचा जबाब हवा होता. मालकाने हात वर केले. उरले मिस्त्री.

"अहो, जाऊन सांगा ना," बायको म्हणाली.

"काय सांगू? धूळ होती म्हणून? नव्हती तर कशी सांगू?"

"मग माझ्या भावाला झालंय काय?"

"सिगरेट."

"त्याने आयुष्यात ओढली नाही."

"शेजारच्याची ओढली असेल. अठ्ठावीस वर्षं मी कापतोय, मला काय झालंय?" मिस्त्री खोकले. त्यांचा खोकला हवेमुळे होता, हे घरात कधीच ठरून गेलेलं होतं.

मिस्त्री अडाणी नव्हते. पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचायचे. पण एकदा धूळ मान्य केली की लंबूला त्या यंत्रावर उभं कुणी केलं, हा प्रश्न येणार. तो चुकवायला माणूस भरदुपारी सूर्यसुद्धा नाकारतो, आणि वर तुम्हालाच डोळे तपासून घ्या म्हणतो.

शेवटी ते गेले. बायकोने चार दिवस अबोला धरला म्हणून गेले, आणि धूळ नव्हती हे ठणकावून सांगायला गेले. लंबू बाकावर भिंतीला टेकून बसला होता.

मंडळाच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कामाच्या जागी धूळ होती का?"

"नाही."

लंबूने डोळे मिटले.

"अजिबात नाही?"

"बाई, धूळ म्हणजे माती, कचरा. आमच्याकडे फक्त पावडर."

बाईंनी लेखणी खाली ठेवली नाही. "जाडीभरडी असेल."

मिस्त्रींना ते लागलं. "जाडीभरडी? अठ्ठावीस वर्षं कापतोय मी. माझं पातं बघितलंय का तुम्ही? मैद्याने मान खाली घालावी अशी पावडर पडते. फडक्यातून आरपार जाते."

"पडते म्हणजे लगेच खाली बसते?"

"छे. तासभर तरंगते. समोरचा माणूस दिसत नाही. हा एवढा उंच माणूस, मला फक्त ह्याचा आवाज यायचा."

"पाणी वापरत नव्हता?"

"पाण्याने रेघ जाते. कोरडंच. रोज आठ तास, चार वर्षं."

बाईंनी सगळं उतरवून घेतलं आणि वाचून दाखवलं. मिस्त्रींनी मान डोलावली. शब्द अन् शब्द खरा होता. त्यांनी सही केली. बाईंनी मंडळाचा शिक्का मारला आणि लंबूला सांगितलं की सोमवारी इस्पितळात दाखल व्हा.

बाहेरच्या बोळात मिस्त्री म्हणाले, "बघितलंस? धूळ नव्हती हे लिहून दिलं मी."

"हो भाऊजी." लंबूने दोन श्वास घेतले. "छान दिलंत लिहून."

"आता ताईला सांग, मी तुझ्या आड आलो नाही म्हणून."

तेवढ्यात बाई दारात आल्या. "मिस्त्री, अठ्ठावीस वर्षं म्हणालात ना? तुमचाही फोटो काढून घेऊ. दहा मिनिटांचं काम आहे, फुकट आहे."

"मला कशाला? मला काही नाही."

"नको असेल तर तसं लिहून द्यावं लागेल."

"द्या कागद." खिशात पेन नव्हतं. लंबूने आपलं काढून दिलं. मिस्त्रींनी कागद भिंतीवर धरला आणि 'कारण' लिहिलं होतं तिथे वळणदार अक्षरात लिहिलं: प्रकृती उत्तम.